हाताचें काम आणि माणसाचा मान

दहावीचा निकाल लागला म्हणजे मुलाला पुढें कोठें पाठवावें, हा प्रश्न दरवर्षीं आमच्या खेड्यापाड्यांत घरोघरीं उभा राहतो. वर्धा शहराजवळच्या सावंगी (मेघे) या गांवींही तो आहेच. तेथें १९९० सालापासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, विनोबांच्या नांवाचें मोठें रुग्णालय आहे. त्यामुळें डॉक्टरीचा मान लोकांच्या डोळ्यांसमोर नित्य असतो. उलट, वर्ध्याच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेकडे, जिला सारे आयटीआय म्हणतात, पुष्कळ आईबाप ‘दुसरें कांहीं साधलें नाहीं तर’ अशा शेवटच्या उपायाच्या दृष्टीनें पाहतात. हाताचें काम शिकणें हें खरोखर कमीपणाचें आहे काय? वाचकहो, हा प्रश्न केवळ पोटाचा नाहीं, नीतीचाही आहे. म्हणून त्याचा शांतपणें विचार करूं.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ‘कष्टाची लाज धरूं नका’ हा उपदेश आमच्या लोकांना नवा नाहीं, व तो नेहमीं प्रामाणिकही नव्हता. ज्यांच्या वाडवडिलांना दोर वळणें, कातडें कमावणें, मेलेलें ढोर ओढणें हीं कामें जन्मानेंच नेमून दिलेलीं होतीं, त्यांना श्रमाची थोरवी सांगणारा बहुधा स्वतः गादीवर बसलेला असे. मुंबई प्रांतांतील महारवतनाच्या जाचांतून आपले लोक सुटावेत म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं कायदेमंडळांत बिल आणलें. परंतु तीं कनिष्ठ वतनें नाहींशीं होण्यास १९५८ सालचा कायदा यावा लागला. तेव्हां जो बाप ‘माझ्या मुलाच्या हातीं हत्यार नको, लेखणी हवी’ असें म्हणतो, त्याला गर्विष्ठ म्हणणें हा अन्याय होय. त्याला आपल्या आजाचे हात आठवत असतात.

हाच वाद वर्ध्यास एकदां मोठ्या सभेंत निघाला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं येथें शिक्षण परिषद भरली, त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची योजना आखली. शिक्षण मातृभाषेंतून द्यावें, व तें एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारानें द्यावें, हा तिचा गाभा होता. मुलांच्या श्रमांवर शाळेचा खर्च भागवूं पाहिलें तर शाळेचा कारखाना होईल, असें टीकाकार म्हणाले. आणि तें भय पोकळ नव्हतें. तथापि त्या योजनेंत एक खरें तत्त्व होतें: धंदा एका जातीनें नव्हे, तर सर्वांच्या मुलांनीं शिकावा.

येथेंच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. लादलेलें काम व शिकून घेतलेली विद्या यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. जन्मानें आलेल्या कामांत निवड नव्हती, हक्काची मजुरी नव्हती, आणि तें सोडून जाण्याची मोकळीक नव्हती. भारत सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालीं सुरू झाली, तिच्यांत आडनांव पाहून धंदा नेमला जात नाहीं. वीजतंत्री किंवा फिटर यांचा अभ्यास दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. प्रमाणपत्र देशभर चालतें. १९६१ च्या कायद्यान्वयें कारखान्यांत विद्यावेतन घेऊन उमेदवारी करतां येते. आणि पुढें शिकण्याची इच्छा असल्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेची वाटही मोकळी आहे. मालगुजाराचा नातू व त्याच्या शेतांत राबलेल्या मजुराची नात एकाच बाकापाशीं कानस चालवूं लागलीं, तर ती लहान गोष्ट नव्हे.

मगनवाडीचें उदाहरण पाहा. वर्ध्याच्या या बागेंत १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबांतले. विलायतेंत हिशेबतपासणी व अमेरिकेंत अर्थशास्त्र शिकलेले. मुंबईंतील आपला धंदा सोडून ते तेलघाणी, हातकागद व मधमाशा यांच्या कामांत रमले. त्यांना दुसरा मार्ग नव्हता म्हणून नव्हे. मार्ग असतांना त्यांनीं हा निवडला, म्हणून त्या कामाला तेज चढलें. प्रेषित पौल तंबू करण्याचा धंदा जाणत होता, आणि त्याच माणसानें मंडळ्यांना पत्रें लिहिलीं. एका विद्येनें दुसरीला लाजविलें नाहीं.

परंतु प्रमाणपत्र मिळालें म्हणजे मान मिळाला असें नव्हे. भिंतीच्या आंत तारांचा जोड कसा केला, अर्थिंगची तार खरोखर जमिनींत पुरली कीं नुसती दाखविण्यापुरती सोडली, हें घरमालकाला दिसत नाहीं. पावसाळ्यांत ओल्या हातानें पंपाची कळ दाबणाऱ्या शेतकऱ्याला तें कळतें, आणि कधीं कधीं तेंच त्याचें शेवटचें कळणें ठरतें. रुग्णालयांत शस्त्रक्रिया चालू असतां डॉक्टराचें कौशल्य रोग्याला तारतें. तसाच विजेची तार व प्राणवायूची नळी जोडणाऱ्याचा न दिसणारा प्रामाणिकपणाही त्याला तारतो. मग त्या दोघांत थोर कोण व हलका कोण? जें काम कोणी पाहत नाहीं तें जो नीट करतो, त्याचा मान कोणी देत नाहीं व कोणी हिरावूनही घेऊं शकत नाहीं.

एक धोका मात्र ओळखून असावें. हाताची विद्या फक्त गरिबांच्या मुलांसाठीं राखून ठेवली, तर जुनें बलुतें नव्या नांवानें परत येईल. म्हणून दुसऱ्याच्या मुलाला आयटीआयची वाट दाखविणाऱ्यानें, ‘माझ्या मुलाला मी तेथें पाठवीन काय?’ हा प्रश्न आधीं स्वतःस विचारावा. उपदेशकांनीं व शिक्षकांनीं हें विशेषेंकरून करावें. मुलाला, तसेंच मुलीलाही, संस्थेच्या कर्मशाळेंत नेऊन यंत्रें दाखवावीं, आवड विचारावी, आणि मग निर्णय तिच्यावर किंवा त्याच्यावर सोपवावा. ज्याचा ओढा पुस्तकाकडे आहे त्याला बळेंच हत्यार देऊं नये. ज्याचे हात कामाला आसुसले आहेत त्याला केवळ लोकलज्जेस्तव पदवीच्या रांगेंत उभें करूं नये. आमच्या वाडवडिलांना जी निवड कधीं मिळाली नाहीं, ती मुलांना देणें हेंच आमचें पहिलें कर्तव्य आहे.