सत्यप्रत

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना आम्ही हजारो कागदांवर ‘सत्य प्रतिलिपि’ असा शिक्का मारून खाली सही केली. मराठीत यालाच सत्यप्रत म्हणतात. या शब्दाचा पुरता अर्थ मात्र आम्हांला निवृत्तीनंतर एका प्लास्टिकच्या विमानाने शिकविला.

आमचे थोरले काका 1938 साली ग्वाल्हेरला शिकत होते. त्या वर्षी इम्पीरियल एअरवेजची ‘एम्पायर’ जलविमाने टपाल व प्रवासी घेऊन कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद अशी पाण्यावर उतरत कलकत्त्यास जात. असे एक विमान तलावावर उतरताना काकांनी पाहिले होते. पांढुर्ण्यात जांब नदीच्या गुडघाभर पाण्याकडे पाहत ते आम्हां मुलांना त्याचे वर्णन सांगत. आज काका नाहीत. आणि त्या विमानांपैकीही एकसुद्धा जगात शिल्लक नाही.

नागपूरला शिकणाऱ्या आमच्या नातवाला प्रतिकृती जुळविण्याचा छंद आहे. काकांचे विमान करावे असे आम्ही दोघांनी ठरविले, आणि कोणता संच घ्यावा हा प्रश्न उभा राहिला. शॉर्ट ब्रदर्स या त्याच कारखान्याचे ‘संडरलँड’ हे लढाऊ जलविमान एम्पायरचे धाकटे भावंड. 1936 मध्ये एम्पायर प्रथम उडाले, 1937 मध्ये संडरलँड. संडरलँडचे एकास बहात्तर या प्रमाणातील संच निघालेले आहेत: एअरफिक्सचा 1959 सालचा जुना, आणि इटालेरीचा बराच अलीकडचा व अधिक रेखीव.

नातू म्हणाला, “आजोबा, संडरलँडच घेऊ. चंदेरी रंग देऊ, वर ‘कॅनोपस’ नाव लिहू. कोणाला कळणार आहे?”

खरेच, कोणाला कळणार होते? पण दोन्ही विमानांत चार इंजिने आणि उंच पंख सारखे असले, तरी संडरलँडच्या नाकाशी व शेपटाशी बंदुकांचे घुमट आहेत. शेपटाकडील घुमटाच्या वजनाने तोल बिघडू नये म्हणून त्याचे पंख किंचित मागे झुकविलेले आहेत. एम्पायरचे नाक गुळगुळीत, शेपूट निमुळते, आणि खिडकीशी उभे राहून खालचा मुलूख पाहता यावा अशी प्रवाशांसाठी जागा. रंग दिल्याने एकाचे दुसरे होत नाही.

एक मधला मार्गही होता. युद्धकाळात काही संडरलँड विमानांचे घुमट काढून, ती जागा बंद करून, त्यांतून प्रवासी नेऊ लागले; पुढे ती ‘हाइथ’ या नावाने ओळखली गेली. तसे रूपांतर सोपे, शिवाय इतिहासाला धरून. पण काकांनी पाहिले ते हे विमान नव्हे.

‘कोणाला कळणार’ हे शब्द आम्ही पूर्वीही ऐकले होते, स्वतःच्याच मनात. एका नोकरीच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेला, कचेरी सुटता सुटता, ओळखीच्या घरातला एक मुलगा आला. मूळ दाखला घरी राहिला होता. मुलगा रडकुंडीला आला होता. मूळ न पाहता आम्ही शिक्का मारला. पुढे पडताळणीत जन्माचा सन बदललेला निघाला. मुलाची नेमणूक गेली. आमच्याकडे खुलासा मागविला गेला, तो आम्ही दिला आणि प्रकरण मिटले. परंतु मुलाने केवळ एक आकडा खोटा लिहिला होता. आम्ही तर ‘पडताळले’ असे खोटे लिहिले होते. शिवाय ती जागा ज्याला मिळायला हवी होती, तो तिसरा कोणी आम्ही कधी पाहिलाही नाही.

प्रत ही मूळ नसतेच, आणि तो तिचा दोषही नव्हे. आपण कशावरून आलो, किती जुळतो आणि कोठे जुळत नाही, एवढे ती प्रामाणिकपणे सांगते तोवर ती सत्य असते. मूळ नाहीसे झाले, साक्षीदार गेले, म्हणजे हे बंधन सैल होते असे आम्हांस वाटत नाही. उलट, तेव्हा सारा भार लिहिणाऱ्याच्या हातावर येतो. आपल्या जुन्या घराण्यांना हे ठाऊक असावे. 1956 मध्ये नागपूर-विदर्भ तिकडे गेला, छिंदवाडा इकडे राहिला, आणि मूळ गावाशी पडताळणी करणे हळूहळू सुटले. मग कितीतरी साध्या कारकुनांच्या पूर्वजांना आपण बसल्या बैठकीत सरदारकी बहाल केली! तोही रंगच.

शेवटी आम्ही जुना एअरफिक्सचा संच घेतला. संडरलँडचे धड टाकूनच द्यायचे, तर नव्या संचातील रेखीव काम घासून काढण्यासाठी विकत का घ्यावे? पंख आणि इंजिने ठेवली. धड रेखाचित्रांवरून लाकडात कोरले. पंख सरळ बसविण्यासाठी मुळाशी पाचर घालावी लागली. पंखांची लांबी मूळ 114 फूट. आमच्या टेबलावर ती सुमारे 48 सेंटिमीटर भरते. सांधा एका बाजूस अजून दिसतो.

नाव मात्र लिहिले नाही. कॅनोपस हे त्या मालिकेतील पहिले आणि प्रसिद्ध विमान. पण काकांना आपण पाहिलेल्या विमानाचे नाव कधीच आठवले नाही. नातू थोडा हिरमुसला, मग त्यानेच बैठकीखाली चिठ्ठी चिकटविली: ‘पंख व इंजिने संडरलँडच्या संचातील. धड नवे, रेखाचित्रांवरून. नाव अज्ञात.’ तिच्याखाली आम्ही सही केली. शिक्का आता आमच्याजवळ नाही.