दाब आणि अस्तेय

पतंजलीने सांगितलेल्या पाच यमांत अस्तेयाचा क्रम तिसरा. अहिंसा आणि सत्य यांच्या पाठोपाठ तो येतो. चोरी करू नये, हा त्याचा अर्थ इतका उघड वाटतो की सभ्य गृहस्थ या यमापुढे क्षणभरही थांबत नाही. परंतु जी वस्तू कोणाच्याच मालकीची नाही, जी हाती धरता येत नाही, जिची नोंद कोणत्याही दप्तरात मालमत्ता म्हणून होत नाही, ती दुसऱ्याकडून ओढून घेतली तर ते स्तेय ठरते काय? हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा नाही. शहरातील प्रत्येक गल्लीत, सकाळी नळाला पाणी येण्याच्या वेळी, तो प्रत्यक्ष उभा राहतो. कारण अशी वस्तू म्हणजे पाण्याचा दाब.

दाबाविषयी सुशिक्षित घरांतूनही एक गैरसमज दृढ आहे. गच्चीवर मोठी टाकी बसविली म्हणजे स्नानगृहातील धार जोरदार होईल, असे मानून पुष्कळ लोक खर्चात पडतात. द्रवांच्या समतोलावरील ज्याचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला, त्या पास्कलने दाखवून दिले आहे की स्थिर पाण्याचा दाब त्याच्या उंचीवर अवलंबून असतो, राशीवर नव्हे. दहा मीटर उंचीचा जलस्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार देतो, मग टाकी पाचशे लिटरांची असो वा पाच हजारांची. म्हणूनच ज्याच्या डोक्यावर टाकी आहे त्या सर्वांत वरच्या मजल्याला धार सर्वांत क्षीण मिळते आणि तळमजल्यावरचा बिऱ्हाडकरू तोच नळ जपून उघडतो. यात कोणाचाही पक्षपात नाही. टाकी चौथऱ्यावर चढवावी, हाच त्यावरचा साधा उपाय.

पाणी कमी येते अशी तक्रार करण्यापूर्वी ते कोठे अडले याचा शोध घेणे, हे मी केवळ कारागिराचे काम मानीत नाही. सत्य या दुसऱ्या यमाचे ते पालन आहे, आणि ते अस्तेयाच्या आधी येते हे मला यथार्थ वाटते. एकाच नळाची धार मंद असेल तर दोष बहुधा त्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीत साचलेल्या क्षारांचा असतो. केवळ गरम पाणी कमी येत असेल तर गिझरच्या वाटेवर पाहावे. सगळे घरच कोरडे पडू लागले तर मुख्य चावी तपासावी, कारण जुन्या गेट व्हॉल्व्हमधील पडदा दांड्यापासून निखळून वाटेतच अडकून बसतो आणि वरचे चाक मात्र निमूटपणे फिरत राहते. जस्ताचा मुलामा दिलेले जुने लोखंडी नळ आतून गंजत जातात आणि त्यांचे पोट अर्धे झाले म्हणजे पाणी अर्धे होत नाही, तेवढ्याच दाबाखाली ते जवळजवळ एकषष्ठांशावर येते. दाबमापक लावून पाहणाऱ्यास येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. सर्व नळ बंद असताना बुजलेल्या वाटेवरचा काटाही पूर्ण दाब दाखवितो. धार सोडताच तो कोसळतो. काटा बंद नळावरही खालीच राहिला तर मात्र दोष बाहेरचा, उंचीचा किंवा पुरवठ्याचा. स्तब्धतेत जो दोष दिसत नाही तो प्रवाहात दिसतो, आणि एवढी परीक्षा केल्याखेरीज शेजाऱ्यावर किंवा नगरपालिकेवर कसूर लादण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.

नळात कोंडलेली हवाही पाणी अडविते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणताना बांधणाऱ्यांनी हे ओळखले होते. त्या भूमिगत मार्गावर जागोजाग उभारलेले उच्छ्वास त्याचीच साक्ष देतात. ते पाणी केवळ उताराच्या बळावर शहरातील हौदांत येऊन पडे, आणि तेथून प्रत्येकाने ते वाहून न्यावे. अर्थात ‘प्रत्येकाने’ हा शब्द मी येथे सहज लिहून गेलो, तसा त्या काळी कोणी लिहू शकला नसता. जोतीराव फुल्यांना १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, आणि त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तो अन्याय उघड्यावर होता. अडविणारा कोण, अडविलेला कोण, हे दोघांनाही ठाऊक होते. नळातून होणाऱ्या अन्यायाला चेहरा नाही, आणि मला त्याची अधिक चिंता वाटते ती यासाठी की त्यात करणाऱ्याला आपण काही केले असे वाटतच नाही.

रस्त्यातील नळाला थेट पंप जोडून पाणी ओढणे बेकायदा आहे, हे बहुतेकांना माहीत असते. तो पंप सुरू होताच त्या ठिकाणचा दाब खाली येतो आणि पुढच्या घरांची धार तुटते. दाब बाहेरच्या हवेच्याही खाली गेला तर शेजारून वाहणाऱ्या गटाराचे पाणी सैल सांध्यांतून आत शोषले जाते आणि लहान मुलांच्या पेल्यापर्यंत पोचते. येथे अहिंसाही भंग पावते. तथापि पंप लावणारा म्हणेल की मी कोणाच्या हंड्यातून एक थेंबही उचललेला नाही, माझ्या नळजोडाची पट्टी मी वेळेवर भरतो. त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे, परंतु दाब हा पाण्यासारखा पदार्थच नव्हे; एका वाहिनीवरील सर्व घरांचा तो परस्परसंबंध आहे. जे सर्वांच्या मधोमध असते ते एकाने आपल्याकडे वळविले तर कोणा एकाचे काही जात नाही, सर्वांचेच जाते. माझ्या मते हे स्तेयच आहे, आणि ज्याची वस्तू गेली त्याला चोर शोधताही येत नाही म्हणून ते अधिक गंभीर आहे.

सर्वांत बळकट आक्षेप वेगळाच आहे. सगळी गल्ली पंप लावते. मी एकट्याने व्रत पाळले तर माझी मुले तहानलेली राहतील. यावर पतंजलीचे उत्तर कठोर आहे: जाती, देश, काल आणि समय यांनी मर्यादित न होणारे यम हेच सार्वभौम महाव्रत. मला ते कठोर उत्तर वाहिनीच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या आईला ऐकविण्याचे धैर्य होत नाही, आणि तिला मी चोर म्हणणार नाही. ज्याची जमिनीखालची टाकी भरून वाहते आणि तरीही ज्याचा पंप रस्त्याच्या नळावर चालूच असतो, त्याला मात्र म्हणेन. त्याला पंप टाकून द्यावा लागत नाही. नळाचे पाणी आपल्या गतीने त्या टाकीत पडू द्यावे, तेथून पंपाने हवे तेवढे गच्चीवर चढवावे, आणि टाकी भरताच नळ आपोआप बंद व्हावा म्हणून तिला बॉल कॉक बसवावा. कायदा याला आडकाठी करीत नाही. त्यासाठी लागणारा नळाचा तुकडा बहुधा चार हातांहून लांब नसतो.