अधिकारी कोण?

वेदान्तग्रंथांच्या आरंभी विषय, संबंध आणि प्रयोजन यांच्याबरोबरच 'अधिकारी' कोण, म्हणजे ग्रंथ कोणी वाचावा, हेही सांगून टाकण्याची जी परिपाटी आहे, तिची आठवण मला एका अगदी निराळ्या दप्तरासंबंधी विचार करताना वारंवार होते. इंग्लंडात १९९९ साली स्थापन झालेली 'नाइस' ही संस्था तेथील सरकारी आरोग्यसेवेने कोणते औषध पत्करावे याची शिफारस करते, आणि तिच्यापुढे दाखल होणारा दावा बहुधा एका गणिती प्रतिमानावर उभा असतो: निरोगी, आजारी, मृत अशा अवस्थांतून काल्पनिक माणसांचा एक मेळा वर्षानुवर्षे पुढे नेत, कोणत्या उपचाराला किती खर्च आला आणि पूर्ण आरोग्याची किती वर्षे पदरात पडली, याचा जमाखर्च त्यात मांडलेला असतो. अशा एका वर्षास २० ते ३० हजार पौंड मोजावे, हा तेथील कित्येक वर्षांचा रिवाज होता.

हा जमाखर्च एक्सेलच्या असंख्य रकान्यांत पडून असल्यामुळे तो वाचण्याचा अधिकार आपोआपच मूठभर जाणकारांकडे राहिला, आणि ज्यांच्या आयुष्याचा तो हिशेब, ते दाराबाहेर. आता 'आर' या संगणकभाषेतील 'शायनी'सारख्या साधनाने त्याच प्रतिमानाला ब्राउझरमध्ये दर्शनी पान देता येते. स्लायडर सरकवावा, आलेख हलावा. या सोयीचे मला मनापासून कौतुक आहे; शंका आहे ती निराळी.

वटावाचा दर घ्या. मुदतीची हुंडी वटविताना सराफ जशी कसर कापून घेतो, तशी येथे भविष्यातील आरोग्याची कापली जाते. नाइसचा नेहमीचा दर ३.५ टक्के, त्या दराने तीस वर्षांनंतरचे एक निरोगी वर्ष आजच्या वहीत ०.३६ एवढेच उरते, आणि स्लायडर १.५ टक्क्यांवर आणला की तेच ०.६४ होते. तान्ह्या मुलाला आज टोचलेल्या लसीचे फळ त्याच्या प्रौढपणी हाती येणार असेल, तर ती लस परवडणारी की न परवडणारी, याचा निवाडा बोटाच्या एवढ्या हालचालीने फिरू शकतो. उद्याच्या माणसाचा आजच्या तिजोरीवर हक्क किती, हा धर्मशास्त्राचा प्रश्न. तो आपण एका पट्टीवर ठेवला आहे, आणि पान सुटसुटीत दिसावे म्हणून ती पट्टी 'प्रगत पर्याय' या बटणाआड ढकलण्याचा मोहही अनिवार असतो. काही व्याधींच्या अवस्था, मृत्यूला शून्य मानणाऱ्या मापावर, शून्याखाली, म्हणजे मरणाहूनही वाईट, धरलेल्या असतात, त्यांना तर स्लायडरसुद्धा मिळत नाही. पुढे काय ठेवावे आणि आड काय जावे, हे ठरविणारा पानाचा कर्ता नकळत फडणिशी करीत असतो. (अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरने अशा आलेखापाशी येऊन केवळ 'चित्र' एवढेच म्हणावे, हीही त्यातलीच गत.)

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ देशी भाषेत आणला, तेव्हा सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. अधिकाराची कवाडे उघडणारा हा पुरुष मजकूर छाटीत बसला नाही; दृष्टान्तामागून दृष्टान्त देऊन त्याने तो वाढविला. आमचे सुलभीकरण मात्र छाटणीलाच सुलभता समजते. इतके वाचणार कोण, हा आक्षेप रास्त आहे. परंतु न वाचण्याची मुभा वाचकाची असते, न सांगण्याची मुभा कर्त्याला कोणी दिली?

आपल्याकडेही २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली अशा मूल्यमापनाची यंत्रणा आहे. तिच्या एखाद्या प्रतिमानाचे मराठी पान कोणी करावयास घेतलेच, तर त्याने 'वटाव' हा शब्द पहिल्याच पडद्यावर, अर्थासह आणि सराफाच्या दृष्टान्तासह घालावा, एवढी विनंती.