नकार देण्याचे स्वातंत्र्य

रुग्णाच्या शरीरावर वैद्यकशास्त्राचा अधिकार किती, हा प्रश्न नवा नाही. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली वैद्यकीय तज्ज्ञांपुढे त्याचा ऊहापोह केला होता. विज्ञानाचा लाभ कितीही मोठा असो, रुग्णाने दिला तेवढाच अधिकार डॉक्टरला असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच काळात अमेरिकेतील टस्कीगी येथे उपदंश झालेल्या सुमारे ४०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर ‘संशोधन’ चालू होते. १९३२ ते १९७२ या काळात त्यांच्यापासून आजाराचे खरे स्वरूप लपवले गेले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही.

हाच प्रश्न आज आपल्या जवळही उभा आहे. मुंबईत १९९४ साली स्थापन झालेली हमसफर ट्रस्ट ही संस्था समलिंगी पुरुष आणि पारलिंगी व्यक्ती यांना आरोग्यसेवा देते व एचआयव्हीसंबंधीच्या संशोधनातही भाग घेते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय देईपर्यंत समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा होते. डॉक्टरला खरे सांगणे म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखेच! जेथे खोटे बोलावे लागत नाही असे केंद्र निघाले, म्हणूनच आजाराची खरी माहिती मिळू लागली. अशा संशोधनाचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

परंतु विश्वासातूनच एक अवघड पेच निर्माण होतो. ज्या दारात औषध आणि मायेचा शब्द मिळाला, तेथेच ‘माझे रक्त संशोधनासाठी घेऊ नका’ असे कसे म्हणावे? कागदावर सही होते, पण ती संमती असते की कृतज्ञतेचे ओझे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, सहभागी व्यक्ती केव्हाही माघार घेऊ शकते आणि त्यामुळे तिच्या उपचारात उणीव येता कामा नये. नियम योग्यच आहे. मात्र दुसरीकडे उपचार मिळण्याची आशाच नसेल, तर तो वापरण्याचे धैर्य कोठून येणार?

वाचकहो, येथे पेण आणि रोहा यांचा संबंध येतो. संशोधक नावाऐवजी क्रमांक लिहितो. मोठ्या शहरात तेवढे पुरते. पण ‘पेणच्या गणपती कारखान्यातील रंगारी, वय अमुक’ किंवा ‘धाटावच्या कंपनीत कामाला, अविवाहित’ एवढे म्हटले की आपल्याकडे नाव सांगावे लागत नाही. एचआयव्हीविषयीचा २०१७चा कायदा रुग्णाची गुप्तता राखण्याचे बंधन घालतो. ओटीवरच्या कुजबुजीला तो कसा आवरणार? म्हणून अशा तरुणाला रोह्याहून गाडी पकडून मुंबई गाठावीशी वाटते.

संशोधनातील नीती ही केवळ संशोधकांची जबाबदारी नाही, असे आम्हांला वाटते. पेणच्या किंवा रोह्याच्या सरकारी रुग्णालयात त्याला अवहेलनेविना तपासले गेले, घरी त्याच्या आजाराची चर्चा न होता त्याची विचारपूस झाली, तर मुंबईच्या केंद्रात तो होकार देईल तो स्वेच्छेने, आणि नकार देईल तो निर्भयपणे. ज्याला दुसरे दार उघडे आहे, त्याचीच संमती खरी. ते दार उघडणे आपल्या हाती आहे.