शौच आणि अहिंसा

शौच म्हणजे काय, असे विचारले असता स्नान, धूतवस्त्र आणि झाडून-सारवून ठेवलेली जागा असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. अंगावरचा मळ धुतल्याने नाहीसा होत नाही. तो पाण्याबरोबर अन्यत्र जातो. तो कोठे जातो आणि तेथे त्याचा भार कोण वाहतो, याचा विचार न करता कोणी स्वतःस शुचिर्भूत म्हणवून घ्यावे काय?

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे आली आहेत. त्यांत अमानित्व पहिले, अदंभित्व दुसरे, अहिंसा तिसरी आणि शौच सातवे. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. मान व दंभ सुटल्यावाचून आणि परपीडा टळल्यावाचून जे शौच आचरले जाते, त्याचे नुसते सोवळे होते. सोवळे स्वतःच्या देहापुरतेच पाहते. शौच दुसऱ्याच्या जीविताकडेही पाहते. सोवळ्यात मळापेक्षा मळ उचलणाऱ्याचाच विटाळ अधिक मानला जातो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी विटाळाचे बंधन मानले नाही आणि अहिंसा मात्र कटाक्षाने निरूपिली. या दोन गोष्टी परस्परांहून भिन्न नव्हेत.

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहावे. ठाणे शहराच्या पूर्वेस, लोहमार्ग आणि खाडी यांच्यामध्ये कोपरी वसली आहे. तेथे महानगरपालिकेचे मलजल शुद्ध करण्याचे केंद्र असून त्याची क्षमता प्रतिदिनी १२ कोटी लिटर आहे. घरोघरच्या न्हाणीचे, मोरीचे व संडासाचे पाणी भूमीखालच्या नळांतून अशा केंद्रात येते. प्रथम चिंध्या व प्लॅस्टिक जाळीवर अडविले जाते, वाळू तळाशी बसविली जाते. मग पाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवितात. ते पाण्यातील घाण खाऊन टाकतात. शेवटी गाळ खाली बसतो व निवळलेले पाणी वेगळे होते. शेजारच्या ठाणे खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले व २०२२ साली त्यास रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. शहराचा मळ न निवळता खाडीत गेला, तर त्याचा उपद्रव मासे, पक्षी व कोळी या सर्वांना होतो. म्हणजे घरच्या मोरीचा संबंध अशा जिवांशी आहे, जे मोरी वापरणाऱ्यास कधी दिसतही नाहीत.

हा संबंध माणसाच्या प्राणापर्यंतही जातो. बंद टाकीत मैला कुजतो, विषारी वायू साचतो आणि प्राणवायू उणा होतो. २०१९ च्या मे महिन्यात ठाण्याच्याच ढोकाळी भागात एका गृहसंकुलाच्या मलजलाच्या टाकीत उतरलेले तीन कामगार मृत्यू पावले. संरक्षक साधनांवाचून माणसास अशा टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली असूनही हे घडले. ज्या घरांतून तो मैला आला, तेथील मंडळी त्या दिवशीही नित्याप्रमाणे स्नान करूनच बाहेर पडली असतील. त्यांनी कोणास मारले नाही, हे खरे. पण टाकीत कोण उतरतो, हे त्यांनी विचारलेही नाही. हिंसा हाताने घडते तशी उपेक्षेनेही घडते.

येथे कोणी शंका घेईल की, ज्याचे त्याचे कर्म. ते काम त्याच्याच वाट्यास आलेले आहे. याचे उत्तर असे की, कर्मफळाचा सिद्धांत स्वतःच्या आचरणासाठी आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून स्वस्थ बसण्यासाठी नाही. १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. भंगीकाम आपणास द्यावे, अशी मागणी त्यांनी केली; ते उच्च जातीचे म्हणून ती नाकारण्यात आली. त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि डिसेंबरमध्ये महात्मा गांधींनीही येरवड्यास त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्यास हात न लावता त्याचे खत व्हावे, अशा संडासांचे प्रयोग केले. काम हलके नाही, ते एकाच्याच माथी मारणे हलके आहे, हे त्यांनी स्वतः करून दाखविले.

तेव्हा साधकाने व वासनिकाने नित्य आचारात एवढे तरी पाळावे. संडासात कापड अथवा प्लॅस्टिक टाकू नये. मोरीत तेल ओतू नये. ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा; फुटकी काच कागदात गुंडाळून निराळी द्यावी. यात्रेच्या ठिकाणी उष्ट्या पत्रावळी आपल्या आपण उचलाव्या. संकुलाची टाकी साफ करावयाची असेल, तेव्हा काम यंत्राने होणार की माणूस उतरणार, हे बैठकीत उभे राहून विचारावे आणि माणूस उतरणार असेल तर ते काम थांबवावे. झाडणाऱ्यास पाणी द्यावयाचे, ते घरच्याच पेल्यात द्यावे. इतके झाले, मग स्नान करावे.