पुस्तक मिटून सांग बरं



परीक्षा जवळ आल्या की मिस्सेनंतर माता लेकरांना घेऊन येतात. "फादर, याच्या डोक्यावर हात ठेवा. रात्रभर वाचतो, पण लक्षात काही राहत नाही." मी हात ठेवतो, प्रार्थना करतो. मग मुलाला म्हणतो, "काल वाचलेलं सांग बरं." तो दप्तरात पुस्तक शोधू लागतो!

मला त्याच्यात मी दिसतो. सेमिनरीत ॲरिस्टॉटलचे एकेक पान मी दहा-दहा वेळा वाचायचो. तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला घशाला कोरड पडली. वाचून वाचून पान ओळखीचे होते आणि आपल्याला वाटते, आले! 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासले. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी कमी वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल ते तीनदा लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 40 टक्केच आठवले, लिहिणाऱ्यांना 61 टक्के.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात काय करीत होता? शास्त्रीजनांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता (लूक 2:46). आपल्या मुलाने प्रश्न विचारला, तर आपण "गप्प बस, अभ्यास कर" म्हणतो.

आपल्याच गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवला. शिकलेले आणि न शिकलेले एकत्र बसले, जंगलाचा कायदा समजून घेतला, शंका काढल्या. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. अंगठा उठवणाऱ्यांनी कायदा शिकला, तो असा बोलून.

म्हणून आईवडिलांनो, शाळा शिकला नसाल तरी चालेल. चूल पेटवताना विचारा, "आज काय शिकलास, मला समजेल असं सांग." अडखळला तर त्याने पुन्हा पुस्तक उघडावे. मोहफुले वेचायला पहाटे जाता, तेव्हा भावंडांनी एकमेकांना धडा सांगावा. पण टीव्ही मोठ्याने लावून मुलावर ओरडू नका. त्यात चूक मुलाची नाही.

काही घरांत एकच खोली आहे, हे मी पाहिले आहे. सोमवारपासून सायंकाळी 7 ते 9 चर्चचे सभागृह उघडे राहील. मोबाइल दाराजवळच्या टोपलीत ठेवायचे. माझाही त्यातच असेल.

— तुमचे फादर