बटण सोडल्यावर काय होतं?

ये, इकडे ये. ब्रेडबोर्ड राहू दे तसाच. आधी जर्नलमध्ये काय लिहिलंयस ते मोठ्यानं वाच. ‘बटण दाबल्यावर २ सेकंदांनी एलईडी लागतो. प्रयोग यशस्वी.’ बरं. आता माझ्यासमोर दाब. लागला. सोड, आणि विझला की लगेच पुन्हा दाब. कुठे गेले तुझे दोन सेकंद?

ट्रान्झिस्टर खराब आहे म्हणू नकोस, सकाळपासून तेच ऐकतोय. बीसी ५४७ बदलून बदलून डबी रिकामी केलीस, पण मल्टिमीटर कपॅसिटरला एकदाही लावला नाहीस. चूक तुझी आणि खापर ट्रान्झिस्टरवर!

हिशोब दाखव. २२ किलोओहम, १०० मायक्रोफॅरड, गुणाकार २.२ सेकंद. गुणाकार बरोबर आहे. पण त्या २.२ सेकंदांचा अर्थ काय? तेवढ्या वेळात कपॅसिटर ९ व्होल्टच्या ६३ टक्क्यांपर्यंत भरतो, म्हणजे साधारण ५.७ व्होल्ट. तुझा ट्रान्झिस्टर तोवर वाट बघत बसतो का? त्याचा बेस ०.६५ व्होल्टच्या आसपासच उघडतो, आणि तिथे पोचायला सेकंदाचा सहावा भाग पुरतो. एलईडी चटकन लागला तेव्हाच थांबून विचार करायला हवा होतास. त्याऐवजी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणून ठोकलास, दोनच्या जवळपास काहीतरी आलं, आणि जर्नलमध्ये ‘२’ लिहून मोकळा झालास. स्टॉपवॉच लावलं असतंस तर पावणेदोनही भरले नसते. अंदाजपंचे दाहोदरसे! याला प्रयोग म्हणतात?

आता मूळ चूक बघ. बटण सोडलं की कपॅसिटरमधला चार्ज कुठे जातो? मला वाट दाखव. वरची वाट बटणानं तोडली. उरला फक्त बेस. त्यातून तो हळूहळू उतरतो, म्हणून तर बटण सोडल्यावरही तुझा एलईडी रेंगाळतो. अर्ध्या व्होल्टच्या आसपास बेसही जवळजवळ बंद होतो आणि उरलेला चार्ज तिथेच अडकतो. पुढच्या वेळी मोजणी शून्यापासून नाही, त्या अर्ध्या व्होल्टपासून सुरू होते. मग अर्धा सेकंदही लागत नाही. कपॅसिटर भरायचा कसा याचाच तू विचार केलास. रिकामा कसा करायचा, हा प्रश्न तुला पडलाच नाही.

हे एलईडीपुरतं असतं तर मी एवढा बोललो नसतो. पण हे सर्किट तू सुट्टीत घरच्या कडबाकुट्टीला बसवणार आहेस. चुकून बटणाला धक्का लागला तर यंत्र सुरू होऊ नये, दोन सेकंद दाबून धरल्यावरच व्हावं, हा विचार चांगला आहे आणि तो तुझा स्वतःचा आहे. म्हणूनच मला जास्त राग येतोय. वैरण अडकली, यंत्र बंद केलं, वडिलांनी रोलरमधला कडबा काढायला हात घातला, आणि गोठ्यात खेळणाऱ्या धाकटीची कोपरखळी बटणाला लागली. कपॅसिटर मघाचाच अर्धवट भरलेला. ते रोलर वैरण आणि हात यांत फरक करत नाहीत. कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं तुझ्याही गावात असतील, जाऊन विचार. आणि तुझं सर्किट कितीही चोख झालं तरी हात घालण्याआधी मेन स्विच पाडायचा, हे वडिलांना तूच सांगायचं.

शेजारच्या बाकावरचा ५५५चा मोनोस्टेबलही उचलू नकोस. तो दाबताक्षणी सुरू होतो आणि ठरल्या वेळानं बंद होतो. तुला हवंय त्याच्या नेमकं उलट.

५५५च घे, पण २ आणि ६ नंबरच्या पिना एकत्र करून कपॅसिटरला जोड. १८० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घे. कपॅसिटर सप्लायच्या दोन-तृतीयांशापर्यंत चढायला १.१ गुणिले आरसी, म्हणजे २ सेकंदांना जरासे कमी. पातळी सप्लायच्या प्रमाणात ठरते, म्हणून बॅटरी थोडी उतरली तरी वेळ बदलत नाही. आउटपुट मात्र उलटं मिळेल, वेळ भरल्यावर ३ नंबरची पिन खाली जाईल. म्हणून रिले सप्लाय आणि पिन ३ यांच्यामध्ये लाव, कॉइलवर उलटा डायोड टाकायला विसरू नकोस. आणि बटण एनओ-एनसी दोन्ही कॉन्टॅक्टचं घे. सोडल्यावर एनसी कॉन्टॅक्ट १०० ओहममधून कपॅसिटर रिकामा करेल. १० मायक्रोफॅरडला त्यासाठी काही मिलिसेकंद पुरतात. इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावर छापलेला आकडा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो, तेव्हा खरा वेळ मोजून घे.

बंद करायचं बटण या सगळ्यापासून लांब ठेव. ते थेट मोटर चालवणाऱ्या काँटॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत, एनसी. त्यात कपॅसिटर नको, आयसी नको, एका क्षणाचाही उशीर नको. यात तडजोड केलीस तर मी तुला हे घरी नेऊ देणार नाही.

जा, जोडणी कर. लागोपाठ दहा वेळा दाब, कधी पूर्ण, कधी अर्धवट, आणि प्रत्येक वेळी सोडल्यानंतर कपॅसिटरवर किती व्होल्ट उरले ते लिही. जर्नलचं ते पान फाडायचं नाही. ‘यशस्वी’वर रेघ मार, खाली आजची तारीख टाक आणि रीडिंग घेऊन माझ्याकडे ये. लॅब बंद करायची वेळ झाली तरी मी थांबतो.